दुधाच्या कप्प्यातल्या दोन नळ्या

३ एप्रिल, गुरुवार

सातची वेळ देऊन पावणेआठला उगवली. आजारी माणसाला उपाशी बसवायचं आणि स्वतः रमतगमत यायचं, ही रक्त काढणाऱ्यांची नवी रीत असेल. दारातच धापा टाकत म्हणते, "आजी, लिफ्ट बंद आहे हो." अगं, तीन आठवडे बंद आहे. आम्ही काय चार जिने उडत येतो-जातो?

झालं बोलून. आता नमस्कार. ही वही डॉक्टरीणबाईंनी लावून दिली आहे. रोज लेकीचं वजन, किती पाणी प्यायली, पायाची सूज, गोळ्या, सगळं वेळ घालून लिहायचं. ते पुढच्या पानांवर. वही उलटी करून मागून लिहिते ते माझं. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण अक्षर लेकीपेक्षा बरं आहे. तिचं अक्षर बघून औषधवालाही हात टेकेल.

लेक एकेचाळीसची. हृदय फुगलं आहे, अंगात पाणी साठतं. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला म्हणाली, "आई, आपल्या घरात कधी नव्हे ते काहीतरी मोठं झालं." तिची मुलगी आठ वर्षांची, तिला आम्ही मुंगी म्हणतो. जावई बस चालवतो. मी थंडीत दुकान बंद करून एक पिशवी घेऊन इथे आले, ती इथलीच झाले.

रक्तवाली पंचविशीची असेल. दंडाला पट्टा बांधला, शीर शोधली, पट्टा सोडला, पुन्हा बांधला. मी म्हटलं, "गाठ मारायला शिकवलं नाही का कुणी?"

"पट्टा फार वेळ आवळून ठेवला की आकडे चुकतात, आजी."

लेक मूठ वळायला लागली तर तिलाही अडवलं. "मूठ पिळू नका ताई. पोटॅशियम उगाच वाढून दिसतं."

पोटॅशियम हे सध्या आमच्या घरातलं बडं प्रस्थ. अंगातून पाणी काढणाऱ्या गोळीने ते कमी होतं, म्हणून ते वाढवायचं औषध देतात. कमी झालं तर हृदय अडखळणार, वाढलं तरी अडखळणार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाकी काही विसरलात तरी चालेल, हा एक आकडा विसरू नका, तिचा जीव याच्यावर आहे. म्हणून दर आठवड्याला रक्त.

दोन नळ्या भरल्या. मग म्हणते, लॅबची गाडी बिघडली आहे, मला अजून आठ घरं करायची आहेत, तुम्ही कुणीतरी तासाभरात काउंटरवर नेऊन द्या. चिठ्ठीवर वेळ लिहिली. जाता जाता वळून म्हणाली, "आणि थंड नको हं आजी. असंच बाहेर राहू दे."

मला थंडाचं शिकवते! अडतीस वर्षं दूध विकलं मी. माझ्या दुकानातल्या पिशवीला कधी आंबट वास आला नाही. इथे पंखा गरम हवा फेकतो आणि म्हणे बाहेर राहू दे. जावई चारला सुटतो. लेकीपायी त्याच्या सगळ्या रजा संपल्या, दोन नळ्यांसाठी पाळी बुडवायला लावू? माझ्या गुडघ्यांना चार जिने झेपत नाहीत. मी नळ्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये दुधाच्या कप्प्यात ठेवल्या. आडव्या नाही, उभ्या. जावयाने पाचला पोचवल्या. पुढच्या पानावर लिहिलं: आठला काढलं, लगेच गार केलं, पाचला पोचलं.

४ एप्रिल, शुक्रवार

आकडा सहा पूर्णांक एक. साडेतीन ते पाच चालतं म्हणतात.

डॉक्टरीणबाईंचा फोन आला. पोटॅशियमचं औषध बंद, एक गोळी बंद, फळं बंद, नारळपाणी बंद. मंगळवारी पुन्हा रक्त. पुन्हा पुन्हा विचारत होत्या, तिला कसं वाटतंय, हातपाय जड आहेत का. मी म्हटलं, कसले जड, काल मुंगीच्या फ्रॉकला खिसा लावत बसली होती. लेक पडदे शिवायची, अजून मशीन दिसलं की हात शिवशिवतात. त्या म्हणाल्या, "आश्चर्य आहे."

त्या रक्तवालीनेच काहीतरी घोळ घातला असेल. दोनदा पट्टा बांधत होती.

६ एप्रिल, रविवार

संत्र्यावरून भांडण. मुंगीसाठी सोलून ठेवलं होतं. लेकीने एक फोड उचलली. मी हातावर चापट मारली. एकेचाळीस वर्षांच्या बाईला.

"आई, एका फोडीने मरते का मी?"

"मरशील. ठेव खाली."

मुंगी आमच्या दोघींकडे बघत राहिली आणि मग तिने तिचंही संत्रं परत टोपलीत टाकलं. सोललेलं. आता ते सुकलं आहे. मी टाकून देत नाही, का ते माहीत नाही.

८ एप्रिल, मंगळवार

आज वेळेवर आली. नळ्या उलट्यासुलट्या करताना म्हणाली, "आजी, मागच्या वेळी आकडा फार वर आला. तासाभरात पोचलं होतं ना?"

मी म्हटलं, "पोचलं." पोचलं तर होतंच. किती तासांत ते तिने विचारलं आणि मी उत्तर दिलं नाही, एवढंच. माझी उलटतपासणी घ्यायला ही कोण?

गाडी अजून बिघडलेलीच. ती म्हणाली, "आज मी पुढचं घर सोडते, हे स्वतः आधी लॅबला देऊन येते. चालत वीस मिनिटं." तोंड उन्हाने लाल झालेलं, बुटाचा एक पट्टा तुटून दोऱ्याने बांधलेला. मला तिची दया आली. दया आलेली कळू नये म्हणून ओरडले, "काही गरज नाही. जावई खाली उभाच आहे. जा तू, तुझी घरं कर." जावई खाली नव्हता. बस घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला होता.

ती दारात घुटमळली. "नक्की ना? आणि थंड—"

"ठाऊक आहे गं मला."

दुपारी जावयाचा फोन, दुसरा चालक आला नाही, दुहेरी पाळी. मागच्या वेळी फडकं एकपदरी होतं म्हणून कदाचित नळ्यांना उष्णता लागली असेल. या वेळी दुहेरी गुंडाळलं आणि पार मागे, जिथे जास्त गार लागतं तिथे ठेवलं. दार दिवसभरात एकदाच उघडू दिलं. मुंगीला पाणीसुद्धा माठातलं प्यायला लावलं.

९ एप्रिल, बुधवार

जावयाने सकाळी सातला पाळीवर जाता जाता नळ्या दिल्या. काउंटरवरच्या माणसाने चिठ्ठी न बघता डब्यात टाकल्या म्हणे.

१० एप्रिल, गुरुवार

सहा पूर्णांक नऊ.

डॉक्टरीणबाईंचा आवाज बदललेला. "एकदा आलं तर चूक म्हणता येतं. दोनदा आलं आहे, वाढतच चाललं आहे. आजच्या आज घेऊन या, हृदयाचा आलेख काढायचा आहे." मी लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "आई, चार जिने उतरेन, पण चढेन कशी? लिफ्टवाला सोमवारी येणार आहे, सोमवारी जाऊ." जावई म्हणाला, खुर्चीत बसवून उतरवू. ती म्हणाली, "देवाच्या मूर्तीसारखी नको मिरवू मला, बाई माणूस आहे मी." तिघंही हसलो. मीही हसले आणि म्हटलं, "सोमवारी नेऊ."

डॉक्टरीणबाई रागावल्या. मग निदान हे तरी करा म्हणून जावयाला पावडर लिहून दिली, पाण्यात घालून दिवसातून तीनदा, पोटॅशियम बाहेर काढायला. पाण्याची गोळी दुप्पट. म्हणाल्या, जराही बरं वाटेनासं झालं तर सोमवारची वाट बघू नका.

पावडर वाळूसारखी लागते म्हणे. मी समोर बसून शेवटच्या घोटापर्यंत पाजली.

१२ एप्रिल, शनिवार

पोटऱ्यांत वांब येतात. सकाळी कपबशी उचलताना हात लटलटला. मशीनवर बसली आणि उठली, म्हणाली, पाय पायडलवर ठरत नाही. अशक्तपणा येणारच, फळं नाहीत, धड जेवण नाही. मी पावडर चुकू देत नाही. काल रात्री ती नको म्हणत होती, मी म्हटलं, आकडा खाली आणायचा आहे ना? मुकाट घेतली.

वजन दीड किलोने उतरलं. पुढच्या पानावर वजन लिहिलं आणि शेजारी "छान" लिहिलं.

१३ एप्रिल, रविवार

आज म्हणाली, "आई, छातीत पाखरू अडकल्यासारखं फडफडतं." मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला, लागला नाही. दुसऱ्यांदा लावला, लागला नाही. रविवार. उद्या जायचंच आहे. तिसऱ्यांदा लावला नाही.

दुपारी माझ्याजवळ आडवी झाली. म्हणाली, "तुझ्या हाताला अजून दुधाचा वास येतो." मी म्हटलं, "दुकान बंद करून पाच महिने झाले, काहीतरी बरळू नकोस." "येतो पण." तिचे केस विंचरून दिले. फार गळतात.

१४ एप्रिल, सोमवार

लिफ्टवाला आला नाही. जावई आणि शेजारचा सुतार तिला खुर्चीत बसवून उतरवत होते. दुसऱ्या मजल्यावर तिची मान पडली.

दवाखान्यात छातीवर दाबत होते. एक जण आत आला आणि म्हणाला, पोटॅशियम दोन पूर्णांक दोन. डॉक्टरीणबाई त्याच्यावर खेकसल्या, "काय? कुणाचं? नीट बघ." तो म्हणाला, हिचंच. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला त्यांचं बघणं कळलं नाही.

सव्वातीनला गेली.

२० एप्रिल, रविवार

सगळं उरकलं. माणसं आली, गेली. सकाळी उठून वजनाचा काटा बाहेर काढला आणि पुन्हा आत ठेवला. पुढच्या पानांवर लिहिण्यासारखं काही नाही.

मुंगी मशीनच्या खाली जाऊन बसते. काल म्हणाली, "आजी, आईचं पोटॅशियम वाढलं होतं का कमी झालं होतं?" ऐकलेलं असतं सगळं कार्टीने. मी म्हटलं, आधी वाढलं, मग कमी झालं. "मग औषध जास्त झालं का?" मी म्हटलं, जेव.

२३ एप्रिल, बुधवार

डॉक्टरीणबाई घरी आल्या. चार जिने चढून. लिफ्ट आता सुरू झाली आहे हे त्यांना कुणी सांगितलं नाही. म्हणाल्या, लॅबचे आकडे मुळात चुकीचे होते असं वाटतं. पोटॅशियम वाढलेलं नव्हतंच. नसलेलं वाढलेलं आम्ही उतरवत बसलो आणि होतं तेही गेलं. "मी तिला त्या दिवशी उचलून आणायला हवं होतं." रडल्या. मी त्यांना पाणी दिलं. डॉक्टरने रडू नये, घरच्यांचं अवघड होतं.

त्या गेल्यावर मी लॅबला फोन लावला. लेकीच्या जाण्यापासून कोंडलेलं सगळं बाहेर पडलं. म्हटलं, तुमची ती पोर, दोनदा पट्टा बांधते, उशिरा येते, तिला शीर सापडत नाही, तिनेच रक्त बिघडवलं. माझी लेक गेली तिच्या हाताने. नाव सांगा म्हणाले. नाव मला माहीत नाही, म्हटलं बुटाचा पट्टा दोऱ्याने बांधते ती. ते म्हणाले, लेखी द्या. जावयाने लिहिलं, मी सही केली. जावई लिहिताना दोनदा थांबला. काहीतरी बोलायचं होतं त्याला. मी बोलू दिलं नाही.

३० एप्रिल, बुधवार

लॅबमधून फोन. तिला कामावरून काढलं आहे. चौकशी होईल. मी म्हटलं, बरं झालं. फोन ठेवल्यावर बरं काही वाटलं नाही. भांडी घासली.

५ मे, सोमवार

लॅबमध्ये गेले. चौकशीआधी मोठ्या साहेबांना पुरावा द्यावा म्हणून वही घेऊन गेले. दुसरीकडे कुणाच्या वहीत असा वेळेचा हिशेब नसेल. कुठल्या मिनिटाला आली, किती वेळा पट्टा बांधला, सगळं आहे.

खोलीत भिंतीला लागून पाच-सहा यंत्रं, डब्यात नळ्या फिरवायचं एक यंत्र गुरगुरत होतं. साहेब वयस्कर, सभ्य. मला खुर्ची दिली. तारखेचं पान उघडून दिलं. त्यांनी बोट ठेवून वाचलं. मग परत वाचलं. मग चष्मा काढला.

"आजी, हे तुम्हीच लिहिलंत?"

"मग कोण? घरात अक्षर माझंच बरं आहे."

"लगेच गार केलं. म्हणजे काय केलंत?"

मी अभिमानाने सांगितलं. फडकं, दुधाचा कप्पा, उभ्या नळ्या, दुसऱ्या वेळी दुहेरी गुंडाळलं ते, दार उघडू दिलं नाही ते. मी सांगत गेले तसा त्यांचा चेहरा मिटत गेला. त्यांनी उठून दार लावून घेतलं.

म्हणाले, "आजी, दूध थंडात टिकतं. रक्ताचं तसं नसतं. काढलेल्या रक्तातल्या पेशी जिवंत असतात. शरीरातलं बहुतेक पोटॅशियम पेशींच्या आत असतं, आणि ते आत धरून ठेवायला पेशीला सारखं काम करावं लागतं. गार पडली की तिचं काम थांबतं. मग आतलं हळूहळू बाहेर झिरपतं. जितके तास थंडात, तितकं जास्त. आम्ही मोजतो ते बाहेरचं. वरून रक्त अगदी चांगलं दिसतं, पेशी फुटल्या की वरचं पाणी लालसर होतं तसंही होत नाही, म्हणून आमच्याही लक्षात येत नाही. रक्त लवकर फिरवून पेशी वेगळ्या केल्या की मग भीती नसते. म्हणून तासाभरात हवं असतं. म्हणून थंड नको सांगतात."

मला दोनदा सांगावं लागलं नाही. अडतीस वर्षं थंड ठेवायचंच काम केलं आहे. पहिल्या वेळी नऊ तास. दुसऱ्या वेळी चोवीस. म्हणून सहा पूर्णांक एक, आणि म्हणून सहा पूर्णांक नऊ. दुसऱ्या वेळी मी जास्त काळजी घेतली, म्हणून आकडा जास्त.

मी विचारलं, "बाहेर ठेवलं असतं तर?"

"तासाभरात पोचलं असतं तर बरोबर आलं असतं."

"आणि तेव्हा तिचं बरोबर होतं?"

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. होतंच. फ्रॉकला खिसा लावत होती.

मग साहेब हळू आवाजात म्हणाले, "आमच्या काउंटरवरही चिठ्ठीवरची वेळ वाचायला हवी होती. गाडी पंधरा दिवस बंद होती, तीही आमची चूक." वही मिटून माझ्याकडे सरकवली. "तुमच्यावर आधीच एवढा डोंगर कोसळला आहे. ही वही चौकशीत दाखवायलाच हवी असं नाही. तक्रार आहे तशी राहू दे. त्या मुलीला दुसरीकडे काम मिळेल."

वही उचलली आणि निघाले. रस्त्यावर एका दुकानाच्या पायरीवर बसले. दुकानदार म्हणाला, "आजी, पाणी देऊ?" थंडगार बाटली पुढे केली. मी म्हटलं, "थंड नको." त्याने साधं आणून दिलं.

६ मे, मंगळवार

जावयाला सांगितलं. तो मुंगीचं दप्तर भरत होता. सगळं सांगितलं, मधे थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

बराच वेळ त्याने दप्तराचे पट्टे लावले, सोडले. मग म्हणाला, "मला वाटत होतं माझ्यामुळे. मी उशिरा पोचवलं म्हणून. तक्रार लिहिताना तेच सांगणार होतो." तीन आठवडे हा माणूस ते पोटात घेऊन बस चालवत होता.

मी म्हटलं, "तू नेलंस ते मी दिलं तेव्हा नेलंस."

तो उठून बाहेर गेला. दार हळूच लावलं. जोरात लावलं असतं तर बरं झालं असतं.

९ मे, शुक्रवार

दोन दिवस त्याने मला आई म्हटलं नाही. "जेवण झालंय", "मुंगीला आणा", असं भिंतीकडे बघून बोलतो. बोलू दे. माझी तक्रार नाही. हे वाक्य मी आयुष्यात फार वेळा लिहिलेलं नाही.

आज लॅबच्या पहारेकऱ्याकडून पत्ता काढून रक्तवालीच्या घरी गेले. तळमजल्याची एक खोली. दार तिनेच उघडलं. मला बघून मागे सरली, मारायला आलेय असं वाटलं असेल. वाटणारच.

मी आत न जाता उंबऱ्यातच म्हटलं, "मी फ्रिजमध्ये ठेवलं होतं. दोन्ही वेळा."

ती खाली बसली. म्हणाली, "आजी, खरं सांगा. मी तुम्हाला सांगितलं होतं की नाही? थंड नको म्हणून? मी रोज आठवते. तुमचं दार आठवतं, वळले ते आठवतं, बोलले की नाही ते आठवत नाही. माझी आई म्हणते, सांगितलं असशील. पण मला आता काहीच खात्रीने आठवत नाही. कुणाच्या हातावर पट्टा बांधायची भीती वाटते."

"सांगितलंस. दोनदा सांगितलंस. दुसऱ्या वेळी मी तुझं वाक्य तोडलं."

"नक्की?"

"त्याच दिवशी लिहून ठेवलंय." वाचून दाखवलं. मला थंडाचं शिकवते असं जे काय लिहिलं होतं तेही वाचलं, वगळलं नाही.

ती ओंजळीत तोंड घालून रडली. मी उभी राहिले. पाठीवर हात ठेवायला गेले, तो हात मधेच थांबला. मला तो अधिकार नाही. मग तीच म्हणाली, "ताई फार गमतीदार होत्या. मला म्हणायच्या, तू माझं रक्त पितेस तरी बारीकच कशी?"

हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या पाठीमागे त्या दोघी हसत होत्या.

घरी येऊन मोरीत गेले, नळ सोडला. याच्यापुढचं लिहायचं नाही.

१२ मे, सोमवार

चौकशीचं पत्र आलं. पंधरा तारखेला अकरा वाजता. जावयाच्या नावाने, मृतेचा नवरा म्हणून. माझं नाव कुठेच नाही.

जावई पत्र हातात घेऊन म्हणाला, "मी जातो. वही न्यायची नाही. मी सांगतो, घरी जरा उशीर झाला, आमची तक्रार मागे घेतो, त्या मुलीला कामावर परत घ्या. संपलं." मग जमिनीकडे बघत म्हणाला, "तुम्हाला तिथे दहा माणसांसमोर उभं करायचं नाही मला, आई."

आई म्हणाला. ते ऐकून मी जवळजवळ हो म्हटलं असतं. एवढी मी दुबळी झाले आहे.

मुंगी दारात उभी होती. केव्हापासून, कोण जाणे. "कुणाला उभं करायचंय?" तिने विचारलं. जावई म्हणाला, कुणाला नाही, जा खेळायला. ती गेली नाही. माझ्याकडे बघत राहिली. डोळे लेकीचेच, काय करणार.

१३ मे, मंगळवार

पहाटेपासून ठरवत होते, आता ठरलं. हे जावयाने वाचावं म्हणून उघडं ठेवते. दर वेळी तोंडाने सांगायला गेले की तो रडतो.

पंधरा तारखेला मी जाणार. तू रिक्षा बोलाव, मला सोड, बाहेर थांब. आत यायचं नाही. त्या पोरीला तिथे उभं करू देणार नाही, तिला विचारण्यासारखं काही उरलेलं नाही. गाडी पंधरा दिवस का बंद होती आणि चिठ्ठीवरची वेळ का वाचली नाही, याचं उत्तर साहेबांनी द्यायचं, आणि ते दिल्याशिवाय मी खुर्चीवरून उठणार नाही. माझ्या लेकीनंतरही कुणाच्या तरी नळ्या त्या डब्यात पडत असतील. डॉक्टरीणबाईंना बोलावलं तर त्यांना मी रडू देणार नाही, त्यांनी आज आणा म्हटलं होतं, नाही म्हणालो ते आम्ही. फ्रिजचं उत्तर माझं. तिथे कुणी म्हणालं, म्हातारीला काय कळतं, तर त्याला मी मधेच थांबवणार. मला सांगितलं होतं. मला कळलं होतं. मी ऐकलं नाही.

आणि मुंगीने विचारलं, आज, उद्या, कधीही, की आईला काय झालं, तर तू तोंड उघडायचं नाहीस. आजारी होती म्हणायचं नाही, देवाची मर्जी म्हणायचं नाही, आजीला ठाऊक नव्हतं असं तर मुळीच म्हणायचं नाही. तिला माझ्याकडे पाठवायचं. तिला उत्तर मीच देणार.